तीन इंचांचा पिरारारा

मंडळी, आज जरा माशांबद्दल. खायच्या नव्हे, पाळायच्या. (खायच्या माशांवर लिहायचा अधिकार मालवणी मित्रमंडळींचा, त्यात आम्ही पडत नाही.)

कुठल्याही मोठ्या शहरातल्या ॲक्वेरियमच्या दुकानात जा. गप्पी, मोली, एंजल, गोल्डफिश यांच्या रांगेत एखाद्या टँकच्या तळाशी एक पिल्लू निवांत बसलेलं दिसेल. लांबी जेमतेम तीन इंच. वरून काळपट, अंगावर आडवा पांढराशुभ्र पट्टा, शेपटीला लाली आणि तोंडाला सहा लांब मिशा. दुकानदार सांगेल, "रेड टेल कॅटफिश आहे साहेब. एकदम हार्डी. काहीही खातो." तो खोटं बोलत नाहीये. मासा खरंच दणकट आहे आणि खरंच काहीही खातो. फक्त पुढचं वाक्य तो गिळून टाकतो: हा मासा वाढून चार फुटांच्या घरात जातो, आणि गळाला लागलेल्या सगळ्यात मोठ्या रेड टेलची नोंद ५६ किलोची आहे.

छप्पन्न किलो! आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांचं वजन तेवढं नसेल.

आता प्रश्न असा, की ॲमेझॉन नदीच्या तळाशी राहणारा हा दांडगोबा आपल्या टू बीएचकेमध्ये पोचला कसा? याचं उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागतो तो फार मजेशीर आहे. त्यात लंडनचा एक केमिस्ट आहे, त्याचा मुलगा आहे, ब्राझीलचा एक शास्त्रज्ञ आहे, ओडिशातलं एक गाव आहे. आणि यातल्या कुणाच्याही डोक्यात घरात राक्षस पाळायचा विचार नव्हता.

नाव आणि गाव

ब्राझीलमध्ये या माशाला पिरारारा म्हणतात. शब्द मूळचा तुपी भाषेतला. पिरा म्हणजे मासा आणि अरारा म्हणजे तो मोठा रंगीबेरंगी मकाव पोपट. थोडक्यात, पोपट-मासा. शास्त्रीय नाव मात्र उच्चारताना जिभेला गाठ पडेल असं आहे: फ्रॅक्टोसेफॅलस हेमिऑलिऑप्टेरस. बर्लिनचे डॉक्टर मार्कुस ब्लॉख यांनी माशांचा एक प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला होता. १७९९ साली ते वारले, मग श्नायडर नावाच्या विद्वानाने तो पुरा केला आणि १८०१ साली छापला. त्यात या माशाची पहिली शास्त्रीय नोंद आहे.

मासा त्याहून कितीतरी जुना. व्हेनेझुएलातल्या उरुमाको नावाच्या भागात याच्या एका नामशेष भावाचे जीवाश्म सापडलेत. मायोसीन काळाच्या उत्तरार्धातले, म्हणजे ढोबळमानाने पन्नास लाख वर्षांहून जुने. तेव्हापासून या खानदानाचं डिझाईन फारसं बदललेलं नाही. रुंद चपटं डोकं, त्यावर हाडांचं चिलखत, आणि सुटकेसच्या झाकणासारखं उघडणारं तोंड. नदीत तो मासे खातो, खेकडे खातो, पुरात जंगल बुडालं की झाडावरून पडलेली फळंसुद्धा खातो. "काहीही खातो" हे वाक्य ॲमेझॉनमध्ये जगायची युक्ती म्हणून उत्तम आहे. चार फुटी काचेच्या पेटीत तेच वाक्य धोक्याची पाटी होतं.

बाप, मुलगा आणि शिल्लक राहिलेलं गणित

घरातल्या ॲक्वेरियमचा इतिहास साधारण १८५० पासून मोजतात. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनमधला रसायनशास्त्रज्ञ. त्याने बारा गॅलनच्या, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ५५ लिटरच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. झाडाची पानं कुजून पाणी घाण व्हायला लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्या कुजकी पानं खायच्या. झाड ऑक्सिजन द्यायचं, मासे श्वास घ्यायचे, गोगलगाई झाडू मारायच्या. पाणी बदलायची गरजच नाही! १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

याच सुमारास ब्रिटनमध्ये काचही स्वस्त झाली होती. काचेवरचा कर १८४५ साली उठला होता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, १८५४ साली फिलिप गॉसचं ॲक्वेरियमवरचं पुस्तक आलं आणि इंग्रज मध्यमवर्गाला काचेच्या पेट्यांचं वेड लागलं. दिवाणखान्यात पियानोशेजारी ॲक्वेरियम.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी वॉरिंग्टनची कल्पना होती: समतोल. योग्य झाड आणि योग्य मासा एकत्र ठेवा, बाकी निसर्ग बघून घेईल.

पण या समतोलात एक गोष्ट मोजलेलीच नव्हती. मासा नुसता श्वास सोडत नाही, अमोनियाही सोडतो, आणि अमोनिया माशांना विष आहे. मग गोल्डफिश मेले का नाहीत? याचं उत्तर शोधणाऱ्यांमध्ये कोण होतं माहितीये? वॉरिंग्टनचाच मुलगा! त्याचंही नाव रॉबर्टच. हा धाकटा वॉरिंग्टन रॉथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात काम करायचा. १८७७ नंतर त्याने वर्षानुवर्षं मातीवर प्रयोग केले आणि दाखवलं, की अमोनियाचं नायट्रेट होण्याचं काम सूक्ष्मजीव करतात. तेही दोन टप्प्यांत: एक गट अमोनियाचं नायट्राईट करतो, दुसरा नायट्राईटचं नायट्रेट. ते जीवाणू वेगळे काढणं त्याला जमलं नाही. तो मान १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाला.

आज दुकानात "टँक सायकल झालाय का?" असं विचारतात ना, ते हेच. बापाने पेटी दिली, मुलाने ती पेटी का चालते याच्या रसायनाला हात घातला. मला हा योगायोग फार आवडतो.

पण मुद्दा पुढेच आहे. या जीवाणूंची ताकद अमर्याद नसते. किती अमोनिया पचेल ते त्यांना मिळणारी जागा आणि ऑक्सिजन यावर ठरतं. दोन गोल्डफिश आणि भरपूर झाडं असतील तर गणित जमतं. मांस खाणारा, दिवसेंदिवस वाढणारा मासा आला की जमत नाही. म्हणजे घरगुती ॲक्वेरियमची मूळ सिस्टिमच मुळी छोट्या माशांसाठी लिहिलेली होती.

मग हा आला कसा?

सुरुवातीच्या काळात आलाच नाही. येऊच शकत नव्हता. जहाजावर डबड्यांत पाणी भरून मासे आणायचे, महिनाभराचा प्रवास, हीटर नाही, एअरपंप नाही. जो मासा हे सोसेल तोच पोचणार. १८६९ साली पॅरिसला पोचलेला पॅराडाईज फिश असाच टिकला, कारण त्याला थंडी चालते आणि तो हवेतूनही श्वास घेतो. १९३० च्या दशकात निऑन टेट्रा आला आणि ॲमेझॉनच्या माशांची क्रेझ सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं आणि पॉलिथिनच्या पिशव्या आल्या. पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, रबरबँड, की माल दोन दिवसांत दुसऱ्या खंडात. रिओ नेग्रोवरचं बार्सेलोस हे गाव तर कार्डिनल टेट्राच्या व्यापारावर जगायला लागलं.

या व्यापारात छोट्या माशांसोबत मोठ्या माशांची पिल्लंही येऊ लागली. विमानाच्या भाड्याला मासा मोठेपणी किती होणार याच्याशी देणंघेणं नसतं. पिशवीत किती मावतात एवढाच हिशेब. तीन इंचांचा पिरारारा आणि तीन इंचांचा एंजल यांना जागा सारखीच लागते. तरीही नदीतून पकडून आणलेलं पिल्लू महाग असायचं. घेणारे एकतर सार्वजनिक मत्स्यालयवाले, नाहीतर खरोखरच पैसेवाले शौकीन.

हे गणित पालटायला एक तंत्र कारणीभूत झालं, आणि ते शोधलं गेलं माणसांना जेवायला मासे मिळावेत म्हणून.

काही मासे तळ्यात वाढतात पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. १९३० च्या दशकात ब्राझीलच्या दुष्काळी ईशान्य भागात रोडोल्फो फॉन इहेरिंग हे शास्त्रज्ञ यावर काम करत होते. त्यांनी एका माशाच्या मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी काढून तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला, आणि माशाने अंडी दिली. पूर नाही, नदी नाही, फक्त एक इंजेक्शन. आपल्याकडे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हीरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी याच वाटेने कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. म्हणून १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आज बाजारात रोहू आणि कटला ढिगाने दिसतात, त्यामागे हे इंजेक्शन आहे. कोट्यवधी लोकांच्या ताटात प्रथिनं आली. यापेक्षा मोठं पुण्य कुठलं?

पण तंत्र एकदा बाहेर आलं की ते फक्त पुण्यकर्मालाच वापरलं जाईल असं कोण सांगणार? पिरारारासुद्धा बंद टाक्यांत आपण होऊन अंडी घालायला सहसा तयार होत नाही. आग्नेय आशियातल्या मत्स्यपालकांनी त्याला हॉर्मोनचं इंजेक्शन दिलं. एवढ्या मोठ्या मादीच्या पोटात अंडी हजारांनी असतात. दुसऱ्या मोठ्या कॅटफिशशी, टायगर शॉव्हेलनोजशी, संकर करून नवीन व्हरायटी निघाली. पिल्लांचा पूर आला आणि भाव कोसळला.

थोडं गणित (घाबरू नका)

पिल्लू स्वस्त झालं, मासा नाही. हे समजायला आठवीचं गणित पुरे.

लांबी तीन इंचांवरून तीन फुटांवर गेली, म्हणजे बारा पट. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. बाराचा घन १७२८. म्हणजे तुम्ही दुकानातून पिशवीत घालून आणलेल्या माशाच्या साधारण सतराशे पट वजनाचा मासा काही वर्षांत समोर असणार. खाणं, घाण, अमोनिया, सगळं त्या मागोमाग. पहिल्या एक-दोन वर्षांतच तो दोन फुटांच्या आसपास पोचतो. म्हणजे मोठं झाल्यावर बघू म्हणायलाही फारसा वेळ मिळत नाही.

आता जागा. आपल्याकडचा नेहमीचा मोठा टँक म्हणजे चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण अडीचशे लिटर. चार फुटी माशाला त्यात वळतासुद्धा येणार नाही. समजा, आपण उदार झालो आणि बारा फूट बाय सहा फूट, चार फूट खोल असा टँक बांधला. पाणी आठ हजार लिटर, म्हणजे आठ टन. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या स्लॅबचं डिझाईन करताना माणसं आणि सामान यांचा भार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. चार फूट खोल पाणी दर चौरस मीटरला बाराशे किलो भरतं. सहा पट! सिव्हिलवाल्या मित्राला विचारा, तो आधी हसेल आणि मग खालच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारेल.

आणि हो, "मासा टँकच्या आकाराएवढाच वाढतो" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. अर्धसत्य आहे. कोंदट पाण्यात वाढ खुंटते हे खरं, पण खुंटलेला मासा म्हणजे सुखी छोटा मासा नव्हे. पाठीचा कणा वाकतो, आजार धरतात, आयुष्य घटतं. लहान मुलाला लहान बूट घालून पाय छोटा ठेवण्यासारखंच ते.

शेजारी

या माशाबरोबर इतर मासे ठेवता येतात का? नियम एकच: जो तोंडात मावतो तो शेजारी नसतो, डबा असतो. अडचण अशी की पिरारारा तोंडात काय मावतं याबद्दल फार आशावादी असतो. स्वतःच्या अर्ध्या लांबीचा मासा गिळायलाही तो मागेपुढे बघत नाही. माझ्या एका मित्राच्या मित्राकडे चार ऑस्कर आणि एक रेड टेल असा संसार होता. एका महिन्यात तीन ऑस्कर झाले, पुढच्या महिन्यात एक. टँकवर झाकण होतं, मांजर नव्हतं. संशयित एकच.

कधीकधी गिळणाराही मरतो. कोरीडोरासारखे छोटे कॅटफिश धोका दिसला की छातीजवळचे काटे ताठ करून लॉक करतात. ते घशात अडकले की दोघंही गेले. दगडगोटे, थर्मामीटर असल्या वस्तूही या माशांनी गिळल्याची उदाहरणं आहेत.

मग लोक "फीडर" म्हणून जिवंत गोल्डफिश टाकतात. बघायला थरार असतो म्हणे. त्याचाही एक इतिहास आहे. १९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात चेस्टेक नावाच्या माणसाच्या फार्मवर फरसाठी पाळलेले कोल्हे पटापट मरायला लागले. त्यांच्या खाण्यात कच्चे कार्प मासे होते. पुढे शोध लागला की कार्पच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाईम असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि त्याच्या अभावाने मज्जासंस्था बिघडते. गोल्डफिश हा कार्पचाच भाऊबंद. त्यामुळे सतत गोल्डफिश खाऊ घालून शिकारी मासा सुदृढ होत नाही, उलट हळूहळू खंगतो.

आणि मग नदी

या गोष्टीचा शेवट टँकमध्ये होत नाही. मासा दोन फुटांचा झाला, दुकानदार परत घेत नाही, मत्स्यालयांकडे जागा नाही, मारायला हात धजत नाही. मग एके रात्री बादली, गाडीची डिकी आणि जवळचा तलाव. सोडणाऱ्याला वाटतं आपण जीव वाचवला.

अमेरिकेने हे १९६० च्या दशकात पाहिलंय. थायलंडहून हौशी लोकांसाठी आणलेला वॉकिंग कॅटफिश, आपल्या मागूरचा चुलतभाऊ, फ्लोरिडातल्या फार्ममधून निसटला. हा मासा हवेत श्वास घेतो आणि पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत पुढच्या तळ्यात जातो. १९६७ साली सरकारने बंदी घातली, तर काही व्यावसायिकांनी उरलेले मासेही सोडून दिले. दहा वर्षांत तो वीस काउंट्यांमध्ये पसरला. मत्स्यपालकांना तळ्यांभोवती कुंपण घालायची वेळ आली. मासा आत राहावा म्हणून नव्हे, बाहेरचा आत येऊ नये म्हणून!

आपल्याकडे आफ्रिकन मागूरवर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, २००० साली बंदी आली. त्यानंतरही त्याची चोरून शेती चालू राहिली आणि महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभागाला तळीच्या तळी नष्ट करावी लागली. २०१८ च्या केरळच्या महापुरानंतर चालकुडी नदीत अरापायमा आणि ॲलिगेटर गार सापडले. हे कॅटफिश नव्हेत, पण जातकुळी तीच: कुणीतरी पाळलेले परदेशी राक्षस, पुराने बाहेर काढलेले. आणि उजनीच्या मच्छीमारांना विचारा. टँकची काच साफ करतो म्हणून आपण जो सकर आणतो, तो तिथे जाळ्यात येतो. शिकारी नाही, पण अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आपली हौस दोनशे रुपयांची, जाळं मात्र दुसऱ्याचं.

पुण्याच्या मंडळींसाठी एक शेवटची गोष्ट. मुंबई लष्करातले कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांचा अभ्यास केला आणि १८३९ साली एका अजस्र शिकारी कॅटफिशची नोंद केली. आज तो बॅगॅरियस यारेली म्हणून ओळखला जातो. या गटातले मासे दोन मीटरपर्यंत वाढतात. साईक्सने त्याचं ठिकाण काय लिहिलं होतं? पुण्याची मुळा-मुठा! ज्या पुलावरून आपण रोज नाकाला रुमाल लावून ऑफिसला जातो, त्याखालच्या पाण्यात एकेकाळी आपला स्वतःचा राक्षस राहत होता. त्याला जागा होती, वाहतं पाणी होतं, खायला भरपूर शेजारी होते. तो आपण राखला नाही, आणि आता पंधरा हजार किलोमीटरवरचा दुसरा विकत आणून काचेत ठेवतोय.

मासे पाळू नका असं मी म्हणत नाहीये. छंद सुंदर आहे. वॉरिंग्टनची ती छोटी पेटी आजही तितकीच चालते: झाडं लावा, सहा कोरीडोरा सोडा, दोन इंचांचे मिशाळ कॅटफिश तळाशी घोळक्याने फिरताना बघत रविवार कसा जातो कळत नाही. फक्त दुकानात पिल्लू आवडलं की भाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा: मोठा झाल्यावर हा केवढा होतो? दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला, की समजा उत्तर मिळालं.

असो. लांबण लागली. पिराराराच्या मानाने लहानच म्हणा :)